चौथ्या कडव्यापर्यंत

चार कडव्यांच्या गीतात आमच्या चर्चची मंडळी जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली उतरते. उन्हाळ्यात थोडी जास्त, थंडीत थोडी कमी, आणि मयताच्या गीतांना पुरती अर्ध्या स्वराने. हे मी मोजलेले आहे. माझ्या पर्समध्ये एक नादकाटा असतो. गीत उचलण्याआधी तो गुडघ्यावर हलकेच आपटायचा आणि कानामागच्या हाडाला टेकवायचा, शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या ओळीला पुन्हा एकदा. बघणाऱ्याला वाटते, बाई टोपी सारखी करते आहे. हा उतार कोणालाच ऐकू येत नाही, कारण सगळे एकदम उतरतात. ओहोटीला बंदरातल्या होड्या खाली जातात, पण होडीत बसलेल्या माणसाला शेजारची होडी होती तिथेच दिसते, तसे. माझ्या आईच्या आईच्या आधीपासून आम्ही असे उतरत आलो आहोत आणि इतक्या वर्षांत एकदाही बेसूर झालो नाही. बेसूर व्हायला बाहेरचे कोणीतरी लागते.

मग कीबोर्ड आला.

आज शनिवार. दुपारी चर्चमागच्या सभागृहात सगळ्या मंडळीची सभा बसली आहे आणि मी नेहमीप्रमाणे भिंतीलगतच्या बाकावर, खिडकीखाली. बाहेर न्यू ब्रायटनचा, आमच्या या समुद्राकाठच्या वस्तीचा, वारा सुटला आहे. मिठागरांकडून येतो तेव्हा तो ओठांवर खारट लागतो, आणि छपराचा एक सुटलेला पत्रा अधूनमधून वाजवतो. माडलोमो बोलते आहे. माडलोमो म्हणजे गुरुवारच्या प्रार्थनेच्या बायकांची अध्यक्ष. लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरी टोपी, आणि असा आवाज की माईक दिला तर ती अपमान समजते. “मी काही कीबोर्डाच्या विरुद्ध नाही,” ती म्हणते. “माझ्या नातीकडेसुद्धा आहे. बॅटरीवर चालतो. त्यातून मांजराचा आवाज निघतो.” तिच्या बाजूच्या बायका खो खो हसतात. पलीकडच्या बाकांवरून, जिथे तरुण मंडळी बसली आहेत, एकजण म्हणतो, “आमच्यातून नाही निघत मावशी, पण तुम्ही चौथ्या कडव्याला आलात की थोडासा निघतो.” आता तिकडचे हसतात. पाळक म्झामो दोन्ही हात खाली दाबून सगळ्यांना शांत करतात. मी माझ्या नखाकडे बघते. आज इथे ठरायचे आहे, की नऊ वाजताची एक उपासना मोडून दोन करायच्या: सकाळी आठला जुनी, साडेदहाला नवी. सगळ्यांना माहीत आहे की गेले महिनाभर प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतो आहे. आठ की साडेदहा? मी प्रत्येकाला सांगितले, बघते.

मी गीत उचलते, म्हणजे पहिला सूर देऊन ते सुरू करते; मंडळीत माझे एवढेच काम आहे. मी नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, ते बाहेरचे. चर्चमध्ये मला लाल ब्लाउज नाही, कारण आमच्याकडे तो लग्न झालेल्या बायकांना मिळतो आणि मी लग्न केले नाही. तरुणांच्या मंडळात बसायचे वय गेले. वडीलजनांत मी नाही, रविवारच्या शाळेत शिकवत नाही, सभेत आजवर कधी बोललेले मला आठवत नाही. गुरुवारी लाल ब्लाउजांची रांग आमच्या गल्लीतून जाते तेव्हा मी खिडकीत उभी राहून भाजी चिरते. पण रविवारी नऊ वाजता, कोणी काही न सांगता, सगळे थोडा वेळ गप्प होतात. तो गप्पपणा माझा असतो. आईकडून तो मला मिळाला. तिने मला शिकवले ते एका वाक्यात मावेल असे होते, पण ते शिकायला मला वीस वर्षे लागली: आधी मंडळीचे खोकणे ऐक. खोकण्यात सगळ्यांचे आवाज आपापल्या खऱ्या जागी असतात. कोणाची रात्र कशी गेली, कोणाची छाती भरली आहे, ते कळते. मग असा सूर धर, की शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला खाली वाकता येईल आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला टाचा उंचावता येतील. आणि जिने गीत उचलले तिनेच ते खाली ठेवायचे. तिने तोंड मिटून हनुवटी खाली केली नाही तोवर शेवटचे कडवे पुन्हा पुन्हा फिरत राहते. पाळकसुद्धा मध्ये थांबवत नाहीत. एकदा आई भूल पडल्यासारखी उभी राहिली होती आणि आम्ही तेच कडवे इतके गायलो की घरी सगळ्यांचा मका-घेवडा चुलीवर करपला.

पाळक म्झामो वाईट माणूस नाही, हे मला स्वतःला बजावून सांगावे लागत नाही, इतके ते उघड आहे. आल्या आल्या त्यांनी छपराची गळती काढली. तरुण पोरे रविवारी दुसऱ्या, मोठ्या स्पीकरांच्या चर्चांकडे जाऊ लागली होती, ती परत आणली. कीबोर्ड त्यांनीच आणला, आणि वाजवायला लिंडेल्वाला बसवले. लिंडेल्वा चौतीस वर्षांची आहे, वाहतूक पोलिसात. “बघा हं,” पहिल्याच रविवारी कोणीतरी म्हणाले, “फार जोरात गायलात तर दंड करेल.” ती हसली होती. तिला हसता येते. रस्त्यावर तिला त्याची बंदी असावी आणि सगळे हसणे ती चर्चसाठी साठवून आणत असावी, असे मला वाटायचे. पहिले काही आठवडे कीबोर्ड फक्त नव्या गीतांना वाजला. मग पाळक म्हणाले, जुन्यालाही वाजू दे, हळूहळू, मंडळी एक आहे तर गाणेही एक. सूर मीच द्यायचा, कीबोर्डाने तो धरायचा. मला त्यात काही गैर दिसले नाही. चूक कशी दिसणार? नादकाटा हाडाला लावून मी वर्षानुवर्षे जे मोजत होते ते सगळ्यांना ऐकू आल्यावर काय होईल, हा विचार मी केला नव्हता. मोजणाऱ्याला मोजमापाची सवय होते.

ज्या रविवारी ते झाले त्या दिवशी गीत चार कडव्यांचे होते आणि ऊन कडक होते. मी सूर दिला, लिंडेल्वाने तो बरोबर धरला. म्हाताऱ्यांत ठेका धरणाऱ्या डुमालिसिलेबाबांनी उशी घेतली. ही उशी म्हणजे चामड्याची, पुस्तकाएवढी, आत गच्च भरलेली; डाव्या हातात धरून उजव्या तळव्याने मारायची. जुन्या पाळकांनी चर्चमध्ये ढोल नको म्हटले तेव्हा आमचे पणजोबा गीतांच्या पुस्तकावर थाप मारू लागले, पुस्तकांच्या शिवणी उसवल्या, मग कोणीतरी पुस्तकाच्या मापाची उशी शिवली. तिचा आवाज कानाला लागत नाही, बाकाच्या लाकडातून पायात येतो. दुसऱ्या कडव्यात आम्ही उतरू लागलो. मला ते दातांत कळले. दोन सूर अगदी जवळ आले पण एक झाले नाहीत, की मध्ये एक धडधड सुरू होते. जितके जवळ, तितकी ती सावकाश. कॉलेजात ती आम्ही मोजत असू, दोन नादकाटे लाकडी खोक्यांवर ठेवून. इथे एक काटा कीबोर्ड होता आणि दुसरा तीनशे माणसे. तिसऱ्या कडव्यात धडधड जलद झाली. माणसे एकमेकांकडे बघू लागली. कोणाच्या तरी घरात आपण चिखलाचे पाय घेऊन आलो आहोत, असे चेहरे झाले होते. आपण खाली आहोत हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होते. मग चौथे कडवे सुरू झाले, आणि मंडळी एका बाजूला आणि कीबोर्ड दुसऱ्या बाजूला असा पुऱ्या अर्ध्या स्वराचा खड्डा मध्ये पडला. आता ते बेसूर नव्हते, ती दोन वेगळी गीते होती. कोणीतरी तरुणांत फुसकन हसले. डुमालिसिलेबाबांचा हात थांबला. त्यांनी उशी बगलेत धरली आणि ते चालू लागले. त्यांच्यामागे माडलोमो, तिच्यामागे लाल ब्लाउजांची अख्खी रांग, मागचे म्हातारे, काठ्या. बाहेर वाऱ्यात भिंतीला पाठ लावून त्यांनी तेच कडवे पुन्हा धरले, आपल्या सुरात. आत उरलेल्यांनीही ते सोडले नाही, कीबोर्डाच्या सुरात. मी तिसऱ्या बाकाशी उभी. दोन्हीकडचे गीत माझेच होते, आणि मी ते खाली ठेवले नव्हते, म्हणून दोन्हीकडचे थांबू शकत नव्हते. मी खाली बसले. आतले गप्प झाले. बाहेरच्यांना मी दिसत नव्हते, ते गातच राहिले, शेवटी माडलोमोने खिडकीच्या गजांतून आत डोकावून पाहिले आणि मी बसलेली दिसल्यावर हात वर केला. त्या रविवारी प्रार्थना दोनदा झाली, एकदा आत, एकदा बाहेर.

पुढच्या आठवड्यात मला लिंडेल्वाने अडवले. अडवले म्हणजे खरोखरच. चौकात शिट्टी फुंकून गाडी बाजूला घ्यायला लावली. तिने खिडकीशी वाकून परवाना मागितला. “अगं, मी आहे,” मी म्हटले. “माहितीये, सिसी,” ती म्हणाली; सिसी म्हणजे ताई. “परवाना दाखव, मागचा ट्रकवाला बघतोय.” मी परवाना दिला. तो उलटा धरून ती वाचत असल्यासारखी उभी राहिली. “सगळे म्हणतात मी म्हाताऱ्यांची टर उडवली. माझी आई माझ्याशी बोलत नाहीये. तू तिथं होतीस. तुझा कान आहे. मी काय केलं, सांग.” “तू काय केलंस?” “मी त्यांच्याजवळ गेले!” ती जवळजवळ ओरडली, मग तिने टोपी सारखी केली. “ते खाली येत होते. मला ऐकू येत होतं ना. म्हटलं, आपण इथं वर बसून त्यांना लाज आणतोय. पट्टी बदलायचं बटण असतं, ते मी चौथ्या कडव्याआधी एक घर खाली दाबलं. म्हटलं, ते जिथं आहेत तिथं जाऊन उभं राहू. आणि जाऊन बघते तर तिथं कोणी नाही!” “मग कुठं होते?” “वर! मला खाली एकटीला सोडून. मुद्दाम केलं त्यांनी, सिसी. माझी फजिती करायला.” तिचे डोळे भरले होते. तिने परवाना परत दिला. “पुढचे टायर गुळगुळीत झालेत तुझे. या वेळी सोडते.”

दोन-तीन दिवसांनी डुमालिसिलेबाबा प्रयोगशाळेत आले. हातात सरबताची जुनी बाटली, आत नळाचे पाणी. ते टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली, पण अजूनही कुठल्याही सरकारी इमारतीत शिरताना टोपी काढून छातीशी धरतात. “पाण्याला वास येतोय,” ते म्हणाले. मी त्यांच्यासमोरच तपासले. पाणी चांगले होते. “ते मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “मग बाबा, आणलं कशाला?” “रिकाम्या हाती आलो असतो तर तुझ्या साहेबाला काय सांगितलं असतंस?” “इथली साहेब मीच आहे.” “तेच तर. मग तर काहीतरी घेऊनच यायला हवं.” ते स्टुलावर बसले, काचेच्या नळ्यांकडे बघत. “नोबांतू, मी त्या पोरीवर रागावलोय असं लोक म्हणतात. मला वाईट वाटलं. दोन्हीत फरक आहे. आम्ही खाली येत होतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी मनात म्हटलं, पोर एकटी वर टांगलीय, आणि आपण रुतलेल्या बैलांसारखे. माडलोमोकडे बघितलं, तिनं भुवया उडवल्या. मी उशी जोरात मारली. वर चला, वर चला, पोरीपर्यंत चला. सगळे आले गं. या वयात, छातीत कळ आली माझ्या, पण आलो वर. आणि तिनं काय केलं? पायाखालची फळी काढून घेतली.” मी गॅस बंद केला. “दोन उपासना होऊ देत,” ते म्हणाले. “आठ वाजताचं गीत तू उचल. तुझी आई आमची होती.” आणि त्याच संध्याकाळी पाळक म्झामोंचा फोन: साडेदहाला तुमच्यासारखा कान हवाय आम्हाला, माईक तुमच्याच हातात असेल. दोघांनाही मी म्हटले, बघते.

एका जिन्याने एकजण चढतो, दुसऱ्याने दुसरा उतरतो, दोघेही एकमेकांना भेटायला निघालेले. मधल्या मजल्यावर भिंत आहे म्हणून कोणाला कोणी दिसत नाही. वर पोचलेला म्हणतो, मला टाळले. खाली पोचलेला म्हणतो, मला टाळले. हे चित्र मी महिनाभर डोक्यात फिरवले. कामावर, स्वयंपाक करताना, पाण्याचे नमुने घ्यायला धरणाकडे जाताना. मला वाटायचे, माझ्याकडे उत्तर आहे आणि ते सांगितले की झाले. सांगत मात्र नव्हते. लाज वाटत होती म्हणेन, तर ते अर्धेच खरे. ज्या बाईने मंडळीत कधी तोंड उघडून दोन वाक्ये बोलली नाहीत तिला गाता येते म्हणून बोलताही येईल असे नाही; सूर लावणे आणि शब्द लावणे यांच्या नसा वेगळ्या असाव्यात. पण खाली, त्याहून खाली, एक भीती होती, जिचे नाव मला आज दुपारपर्यंत सापडले नव्हते.

आज ते सापडते आहे. कारण मी काही न सांगताच लिंडेल्वा उठून उभी राहिली आहे. ती आज गणवेशात नाही, निळा साधा झगा आहे, त्यात ती लहान दिसते. ती सगळे सांगते: बटण, एक घर खाली, त्यांच्याजवळ जायचे होते. तिचा आवाज फाटतो. मग मागून डुमालिसिलेबाबा टोपी छातीशी धरून उठतात. “म्हणजे,” ते म्हणतात, “तू आमच्यासाठी खाली आलीस?” “हो, बाबा.” “आणि मी या सगळ्या म्हाताऱ्या कोंबड्यांना हाकत तुझ्यासाठी वर आणत होतो.” “कोंबड्या कोणाला म्हणतोस रे?” माडलोमो कडाडते. आणि मग सगळे सभागृह हसते, असे की छपराच्या पत्र्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. लिंडेल्वा रडते आहे आणि हसते आहे, माडलोमो बाकांच्या फटीतून वाट काढत तिच्याकडे जाते आणि तिला लाल ब्लाउजाशी घट्ट धरते. लिंडेल्वाची आईही उठते. आल्याचे पेय ग्लासांत ओतले जाते. माझ्या पाठीतला ताण सुटतो, हात मोकळे होतात. महिनाभर जी गोष्ट मी पोटात सांभाळली ती माझ्याविना बाहेर पडली, आणि सगळे ठीक झाले, असे मला जेमतेम एक ग्लास संपेपर्यंत वाटते.

“देवाची कृपा,” पाळक म्झामो म्हणतात. त्यांचेही डोळे ओले आहेत. “मनात काही राहिलं नाही, हेच हवं होतं. आता प्रेमानं वेगळं होता येईल. आठ आणि साडेदहा. ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा.”

आणि हात वर होतात. दोन्हीकडचे. हसऱ्या चेहऱ्यांचे, पेयाचे ग्लास दुसऱ्या हातात असलेले. “माझ्या गुडघ्यांना आठच बरे,” माडलोमो लिंडेल्वाच्या खांद्यावर हात ठेवूनच म्हणते, “नंतर ऊन चढतं.” “आणि आम्हाला झोप मिळेल,” पलीकडून. “मिळेल, मिळेल,” माडलोमो म्हणते, “तुम्हाला शेवटच्या न्यायाच्या दिवशीसुद्धा झोपच मिळेल!” पुन्हा हशा. कोणी कोणावर रागावलेले नाही. मला माझ्या भीतीचे नाव कळते: गैरसमज मिटेल, आणि तरीही. गैरसमज होता तोवर निदान एक गाठ होती, ओढली की दोन्हीकडे दुखायची. आता दुखणारे काही उरले नाही, आणि माणसे किती हलकेपणाने सुटी होताहेत. वेगळे होण्याचे खरे कारण भांडण नव्हतेच. एकमेकांना ऐकत गाण्याचे कष्ट होते. त्या रविवारी आम्ही चौथ्या कडव्यात खड्ड्यात पडलो ते इतकी वर्षे न केलेला प्रयत्न दोन्ही बाजूंनी पहिल्यांदा केला म्हणून. आणि ज्या क्षणी तो कळला, त्याच क्षणी सगळ्यांनी ठरवले की आता पुन्हा नको.

आईच्या हयातीत बाहेरचा सूर एकदा आला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि एका मुलाच्या मयतासाठी घरी आले होते. कबरस्तानाच्या कुंपणापलीकडे गोऱ्या सरकारच्या पोलिसांच्या गाड्या आणि एका गाडीवर भोंगा. पांगा, पांगा, असे तो सांगत होता, आणि बोलणे थांबले की त्यातून एक सपाट गुणगुण येत राहायची, विजेची. पाळकांचा आवाज त्यात बुडाला. कोणी काही करेना. आई डोके किंचित तिरके करून ऐकत होती. मी ते ओळखत होते, ती खोकणे ऐकताना तसे करायची. मग तिने गीत उचलले. भोंग्याच्या गुणगुणीच्या सुरात, अगदी बरोबर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही, जणू त्यांनीच आम्हाला सूर दिला होता. तो सूर आमच्यासाठी फार वरचा होता. म्हातारे ताणले, मुलींचे आवाज चिरकले, आणि आम्ही उतरू लागलो तसा तो भोंगा आमच्या वर एकटा उरला, दातांत धडधडत. आम्ही बेसूर होतो. आम्ही फार वाईट गायलो. घरी येताना मी म्हटले, आई, तो सूर का घेतलास, आपला घ्यायचा. ती चपलेतली माती झटकत होती. “तो तिथं होता,” ती म्हणाली. “नाही असं कसं म्हणू?” मग, थोडे पुढे गेल्यावर, “आणि फुकट होता.”

आणि तो तर शत्रूचा होता. लिंडेल्वा आमची आहे.

हात मोजले जाताहेत. एक वडील माणूस बोटाने बाकांवरून मोजत येतो आहे. खिडकीखालच्या बाकावर मी एकटीच असल्यामुळे त्याचे बोट मला ओलांडून पुढे जाते. पाय जड नाहीत, उलट फार हलके आहेत, चाचणीच्या नळीत काहीतरी खाली बसायच्या आधी तरंगते तसे. मी उठून उभी राहिले आहे हे मला माडलोमोच्या चेहऱ्यावरून कळते.

“काय झालं गं?” ती म्हणते. “पाणी हवंय का तुला?”

“नको,” मी म्हणते. आवाज लहान निघतो, पण मला लहान आवाज मोठ्या खोलीत कसा टाकायचा ते येते. “माझा हात वर नाहीये. बघा.”

वडील माणसाचे बोट हवेत थांबते. “नोंद घेतो, सिसी. विरुद्ध एक.”

“विरुद्ध नुसतं नाही. मला बोलायचंय.”

कोणीतरी तरुणांत हळूच म्हणते, बोलते ही? दुसरा त्याला कोपर मारतो. पाळक म्झामो मान झुकवतात, खरोखरच्या आदराने, आणि त्यामुळे मला ते अधिक कठीण जाते.

“आपण प्रत्येक गीताला उतरतो,” मी सांगते. “त्या रविवारीच नाही. कायम उतरतो. मी मोजलंय. कीबोर्डानं काही बिघडवलं नाही. त्यानं फक्त ते ऐकवलं. आणि लिंडेल्वा खाली आली आणि बाबा वर गेले. असं कोणी कोणासाठी या चर्चमध्ये माझ्या आयुष्यात केलं नव्हतं. एकदा केलं आणि ते चुकलं. एकदाच चुकलं. आणि तुम्ही हसत हसत, ग्लास हातात घेऊन, पुन्हा न करायचं ठरवताय.”

“हे आपल्या सोयीसाठी आहे, सिसी,” पाळक सौम्यपणे म्हणतात. “प्रत्येकाला आपापल्या सुरात गाता यावं.”

“आपापल्या सुरात मी माझ्या स्वयंपाकघरात गाते, पाळकसाहेब. त्यासाठी टोपी घालून यायची गरज नाही.”

माडलोमोच्या घशातून एक आवाज निघतो. हसू आहे की राग ते कळत नाही. “मग काय करायचं?” ती विचारते. “दर रविवारी तसाच गोंधळ? देवाच्या कानाला त्रास?”

“हो,” मी म्हणते. “तसाच. कीबोर्ड राहील. उशी राहील. लिंडेल्वा, तू तुझा सूर सोडू नकोस, बटणाला हात लावू नकोस. बाबा, तुम्ही ओढू नका कोणाला. आम्ही उतरू. आम्ही उतरतो. ऐकत ऐकत उतरू. ती आम्हाला ऐकेल, आम्ही तिला. कदाचित थोडं कमी उतरू. कदाचित नाही. महिने लागतील. वाईट वाटेल ऐकायला.”

“तुलाच सगळ्यांत वाईट वाटेल,” डुमालिसिलेबाबा म्हणतात, हळूच. “तुझा कान बघता.”

“दात दुखतील माझे,” मी म्हणते. “दुखू देत.”

छपराचा पत्रा वाजतो. वडील माणूस अजून बोट उचलून उभा आहे, ते खाली करावे की पुढे मोजावे, त्याला कळत नाही. हात बरेचसे खाली आले आहेत, पण सगळे नाहीत. ठराव मान्य असलेले अजूनही जास्त असतील. मला ते दिसते आहे. मी हरले तर माझ्याकडे काही राहणार नाही, तो गप्पपणासुद्धा नाही, हेही मला दिसते आहे, स्वच्छ, पाण्यासारखे.

पाळक म्झामो म्हणतात, “सिसी नोबांतू, ठराव झाला तर तो झाला. तुमच्या मताचा मान ठेवून विचारतो. ठराव झाला, तर तुम्ही गीत कुठं उचलणार? आठला, की साडेदहाला?”

“आठला नाही,” मी म्हणते. “साडेदहाला नाही. तुम्ही ठराव करा. मी उद्या नऊला येणार, आणि पुढच्या रविवारी नऊला, आणि त्याच्या पुढच्या. दार बंद असलं तर पायरीवर उभी राहीन. ज्याला यायचं त्यानं यावं, ज्या सुरात यायचं त्या सुरात यावं. मी गीत एकदाच उचलणार.”